‘निसर्गरम्य’ या शब्दाशी थांबताना

डोंगर, नदीखोरे आणि खाडी एकाच दिवसात पाहायची असेल, तर कऱ्हाडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरावे आणि पुढे वाशिष्ठीच्या मुखाशी, धोपाव्याला जावे. अशा मोटारप्रवासांची वर्णने मराठीत आता विपुल लिहिली जातात. मात्र त्यांतील बहुतेक ‘निसर्गरम्य’ या विशेषणाशी येऊन थांबतात. आमचा आक्षेप या थांबण्याला आहे.

या वाटेवरचा देखावा एकट्या निसर्गाने घडवलेला नाही. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते, म्हणजे तिचे पाणी मुळात बंगालच्या उपसागराकडे जाणारे. धरणात अडवलेले त्यातले बरेचसे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला उतरवून त्यावर वीज निर्माण केली जाते आणि नंतर ते वाशिष्ठीत सोडले जाते. गाडीच्या काचेतून संथ दिसणारी हीच वाशिष्ठी जुलै २०२१मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली होती. धोपाव्याला रस्ता संपतो आणि गाडीसह फेरीबोटीने दाभोळला उतरावे लागते. बहामनी काळात हे मोठे बंदर होते; प्रवासवर्णनांत मात्र उरतो तो सूर्यास्त.

सूर्यास्त लिहू नये, असे आम्ही म्हणत नाही. पाहणे पूर्ण होण्याआधीच विशेषण हाती येते, ही आमची तक्रार आहे. वर्गात प्रवासवर्णन शिकवताना आपण शैलीची चर्चा करतो. ‘हे पाणी आले कोठून?’ हा प्रश्नही त्या चर्चेत यायला हवा.