सेल्फ-गाइडेड म्हणजे गाइड तुम्ही आहात!

मंडळी, पोस्ट लांब आहे आणि थोडी कडूही आहे. पण उन्हाळा आला, बे एरियातल्या निम्म्या मराठी घरांची ताहोची बुकिंगं झाली असतील, म्हणून आत्ताच लिहिते. राग आला तरी चालेल, पण निघण्याआधी वाचा.

दर जुलैत आपल्या ग्रुपवर एकच फोटो येतो. फक्त माणसं बदलतात. निळंशार पाणी, मागे डोंगर, पॅडलबोर्डवर ऐटीत उभे बाबा आणि पुढ्यात मांडी घालून बसलेलं लेकरू. बाबांचं लाइफ जॅकेट? ते बोर्डच्या पुढच्या रबरी दोरीखाली खोचलेलं. खाली पन्नास लाइक आणि कमेंट: ‘कसलं भारी!’, ‘कुठला बीच?’, ‘तासाला किती घेतात?’ ‘जॅकेट अंगात का नाही?’ असं विचारलेलं मी आजवर एकदाही वाचलेलं नाही. मी स्वतःही कधी विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वी तोच फोटो आम्ही काढला, तोपर्यंत.

बुकिंग करताना दोन पर्याय होते. एक गाइडसोबतची टूर, दुसरा सेल्फ-गाइडेड. आमच्या घरी निर्णयाला एक मिनिट लागलं. ‘गाइड कशाला हवाय? तळंच तर आहे, समुद्र थोडाच आहे!’ सेल्फ-गाइडेड हा शब्द आपण असा वाचतो, जणू ती सवलत आहे. गाइडचे पैसे वाचले, बस्स. पण त्याचा साधा अर्थ असा की वारा बघणारा, किती लांब जायचं ते ठरवणारा, कोणी पडलं तर बाहेर काढणारा माणूस तुमच्यासोबत नाही. ते काम आता तुमचं आहे. आणि आपल्यापैकी किती जणांना ते येतं?

आमचं काय झालं ते थोडक्यात सांगते. सकाळी आठला पाण्यावर असायचं ठरलं होतं. पोहे, चहा, सनस्क्रीन, एक छोटं भांडण, असं करत पोचलो साडेअकराला. काउंटरवरच्या मुलाने पाच मिनिटं काहीतरी सांगितलं, नवऱ्याने मान डोलावली, फोनवर न वाचता सही केली. पश्चिम काठ होता. काठाजवळ पाणी काचेसारखं स्थिर. आठ वर्षांची लेक जॅकेट घालून पुढे बसली. नवऱ्याचं जॅकेट बोर्डवर खोचलेलं आणि पायाला बांधायचा पट्टा ‘अडकतो उगाच’ म्हणून सोडलेला. मी काठावर. हातात टॉवेल, पर्स, सगळ्यांच्या चपला. मला पोहता येत नव्हतं.

अर्ध्या तासाने वारा सुटला. नवऱ्याने बोर्ड वळवायचा प्रयत्न केला आणि तो पडला. लेक बोर्डवरच राहिली. आणि मग मी जे पाहिलं ते शत्रूवरही येऊ नये. वाऱ्याने बोर्ड लेकीसकट पुढे पुढे निघाला आणि तिचा बाप मागे पाण्यात हातपाय मारत होता. त्याचं जॅकेटही बोर्डसोबतच चाललं होतं. कयाकवरच्या दोन अनोळखी बायकांनी आधी लेकीला गाठलं आणि मग त्याला. सगळा मामला दहा-बारा मिनिटांचा. परतीच्या वाटेवर गाडीत लेक एवढंच म्हणाली, ‘आई, तू नुसती ओरडत होतीस.’

ग्रुपवर हे सांगितल्यावर उत्तरं काय आली? ‘देवाची कृपा.’ ‘पाण्याशी खेळ नको.’ ‘बॅड लक.’ माफ करा, पण यात नशिबाचा काहीच संबंध नाही. जे झालं ते रोज होऊ शकतं, त्याची कारणं ठरलेली आहेत.

पहिलं कारण वारा. ताहोला उन्हाळ्यात सकाळ शांत असते आणि दुपारी बहुतेक दिवस नैर्ऋत्येकडून वारा उठतो. पश्चिम काठावर उभं राहिलात तर तो तुमच्या पाठीमागून, काठाकडून तळ्याकडे वाहतो. काठाजवळ झाडांचा आडोसा, म्हणून पाणी स्थिर दिसतं. जरा आत गेलात की वाऱ्याच्या तडाख्यात सापडता आणि तो तुम्हाला आणखी आत ढकलतो. शाळेत आपण सगळ्यांनी खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले, दोन मार्कांना लिहिलेसुद्धा. पण पाण्यात उतरताना वारा कुठून कुठे वाहतोय, हे बघायची सवय कोणालाच लागली नाही. उभा माणूस म्हणजे शीडच. आणि रिकामा बोर्ड वाऱ्यावर इतका वेगात जातो की भल्याभल्यांना पोहून तो गाठता येत नाही.

दुसरं, थंडी. आपली मुलं शिकतात तो पूल ऐंशी फॅरनहाइटच्या वर असतो. ताहोचं वरचं पाणी ऐन ऑगस्टमध्ये साधारण पासष्ट ते सत्तर. जूनमध्ये त्याहून बरंच थंड. अशा पाण्यात अचानक पडलं की पहिल्या काही क्षणांत श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, धाप लागते. तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर संपलं. पोहणं नंतरची गोष्ट, आधी श्वास सावरावा लागतो. त्या एका मिनिटात जॅकेट अंगात असलं तर उपयोग. बोर्डवर खोचलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर घालून बघा कधीतरी, उथळ पाण्यात. मी बघितलंय. जमत नाही.

तिसरं, खोली. हे तळं सगळ्यात खोल जागी १,६४५ फूट खोल आहे. पाणी इतकं नितळ की साठ-सत्तर फूट खालचंही दिसतं. त्यामुळे तळ जवळ वाटतो. ‘उभं राहता येईल की’ असं वाटतं ती जागा पाच मजली इमारतीएवढी खोल असू शकते.

‘तळंच तर आहे’ म्हणणाऱ्यांना एकच आठवण करून देते. २१ जून २०२५ ला याच तळ्यावर, डी. एल. ब्लिस स्टेट पार्कजवळ, अचानक आलेल्या वादळात सत्तावीस फुटी मोटरबोट उलटली आणि आठ माणसं गेली. आपला बोर्ड दहा-अकरा फुटी असतो, त्यात हवा भरलेली असते.

आता खरा मुद्दा. तो ताहोचा नाही, आपला आहे.

आपण मुलांना तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून स्विमिंगला घालतो. लेव्हल चार, लेव्हल पाच, सर्टिफिकेट फ्रिजवर. आणि आपण? काचेपलीकडच्या बाकावर, फोनमध्ये. पाणी हा विषय आपण क्लासच्या फीबरोबर मुलांच्या नावावर करून टाकलाय. त्या दिवशी आम्हा तिघांत सगळ्यात चांगलं पोहता येणारं माणूस आठ वर्षांचं होतं. नवऱ्याला कॉलेजातल्या दोन लॅप आठवत होत्या, मला काहीच येत नव्हतं. आणि त्या पोरीचे गाइड म्हणे आम्ही!

जॅकेटबद्दल तर आपला अहंकार बघण्यासारखा असतो. ‘आम्ही विहिरीत शिकलोय, आम्हाला जॅकेट काय सांगता!’ अहो काका, विहिरीत शिकताना तुमच्या पाठीला काय बांधलं होतं? डबा! कोणाच्या पाठीला सुका भोपळा, कोणाच्या पांगाऱ्याचं लाकूड. आणि काठावर दोर घेऊन मामा नाहीतर थोरला भाऊ उभा. तो डबा म्हणजेच लाइफ जॅकेट आणि तो मामा म्हणजेच गाइड. आपल्या आजोळच्या माणसांना एवढी अक्कल होती की नवख्याला दोन्हीशिवाय पाण्यात सोडायचं नाही. आपण इथे येऊन डबाही सोडला आणि मामाही. आणि याला नाव दिलं ॲडव्हेंचर.

आता आयांशी थोडं बोलते, कारण मी त्यातलीच. आपण काठावर का बसतो? ‘कोणीतरी सामान सांभाळायला हवं’ हे खोटं आहे, आपल्यालाही माहीत आहे. खरं कारण स्विमसूट. खरं कारण हे की चाळिशीत पोरासोरांसमोर पाण्यात हात मारताना आपण कशा दिसू. मी वर्षानुवर्षं याच लाजेपायी बाकावर बसले. पूर्ण बाह्यांचे, घोट्यापर्यंतचे पोहायचे कपडे इथे सर्रास मिळतात. वायएमसीएत आणि बऱ्याच शहरांच्या पार्क विभागात मोठ्यांसाठी वर्ग असतात. या देशात एप्रिल हा मोठ्यांनी पोहायला शिकायचा महिना म्हणून पाळतात. म्हणजे न येणाऱ्या आपण एकट्या नाही. माझ्या वर्गात आजोबा-आज्जीही होत्या. माझ्याकडे बघायला कोणालाही वेळ नव्हता, जो तो आपलं नाक पाण्याबाहेर ठेवण्यात गुंतलेला.

‘मग जाऊच नका ना, एवढी भीती आहे तर’ असं म्हणणारेही भेटले. त्यांच्याशीही माझं भांडण आहे. आपली मुलं इथे वाढतायत. सोळाव्या वर्षी ती मित्रांसोबत जाणारच, आपल्याला विचारून किंवा न विचारता. तेव्हा त्यांच्या डोक्यात काय असेल? आपण जे करून दाखवलं ते. आपण जॅकेट खोचलं तर तीही खोचणार. आपण ‘पाणी वाईट’ म्हणून घाबरवलं तर ती आपल्यापासून लपवणार. या दोन्हींपेक्षा वारा बघून परत फिरणारे आईबाप त्यांनी पाहिलेले बरे.

तर, स्वतःच गाइड व्हायचं असेल तर निदान एवढं करा:

१. जॅकेट अंगात, बक्कल लावून. सगळ्यांनी. अमेरिकेत कोस्ट गार्डने २००८ मध्येच ठरवलंय की पोहायच्या राखीव जागेबाहेर गेला की पॅडलबोर्ड म्हणजे नाव, खेळणं नव्हे. तेरा वर्षांखालच्या मुलाने जॅकेट घातलेलंच हवं. मोठ्यांनी नुसतं बोर्डवर ठेवलं तरी कायदा भागतो. पण बुडताना कायदा वाचवायला येत नाही.

२. कमरेला बांधायचं, ओढल्यावर फुगणारं पाकीट सोळाच्या खालच्यांना चालत नाही आणि पोहता न येणाऱ्या मोठ्यांनीही घेऊ नये. मुलाचं जॅकेट खांद्यांना धरून वर उचलून बघा. कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, दुसरं मागा. मागायला लाजू नका.

३. पट्टा पायाला. तळ्यावर वाहता प्रवाह नसतो, त्यामुळे पायाचा पट्टा चालतो. तो असता तर आमचा बोर्ड हातभर अंतरावर राहिला असता.

४. सकाळी लवकर पाण्यात, अकराच्या आत बाहेर. पोहे परत आल्यावर.

५. काठाला समांतर जा, समोर आत नको. आधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, म्हणजे दमल्यावर येताना वारा आणून सोडेल. वारा वाढला की उभं राहू नका, गुडघ्यांवर बसा. तरी जमेना तर पोटावर झोपून हातांनी वल्हवा.

६. मुलाला घेऊन जाण्याआधी कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम पडा आणि परत चढा. बोर्डच्या मधल्या कडीला धरायचं, पाय पाण्याला समांतर आणून मारायचे, पोटावर सरपटत वर यायचं. तीन वेळा जमलं नाही तर त्या दिवशी मूल काठावर. यात अपमान नाही.

७. फोन वॉटरप्रूफ पिशवीत, अंगावर. शिट्टी जॅकेटला. कधी परतणार ते काठावरच्या माणसाला सांगून जा.

आणि हे सगळं नको असेल, तर सरळ गाइडचे पैसे भरा. हॉटेलवर, पार्किंगवर, आउटलेट मॉलवर आपण त्याहून जास्त उडवतो. मराठी माणसाने गाइड घेतला म्हणून इतिहासात कमीपणा लागणार नाही.

मी गेल्या वर्षी शिकायला सुरुवात केली. फार काही येत नाही. पाठीवर तरंगता येतं, पूलची एक लांबी दम खात पार होते, आणि बोर्डवर पाचपैकी चार वेळा परत चढता येतं. ऑगस्टमध्ये आम्ही पुन्हा जातोय, त्याच काठावर. लेक तिच्या वेगळ्या बोर्डवर असेल, मी माझ्या. नवरा म्हणतो, टॉवेल कोण धरणार? म्हटलं, तू धर.

फोटो टाकेनच. भडक केशरी जॅकेटात मी पोत्यासारखी दिसेन. खुशाल हसा. पण तुमचा फोटो आला की मी कमेंटमध्ये जॅकेटबद्दल विचारणार आहे, आधीच सांगून ठेवते. तुम्हीही विचारा, एकमेकांना, न लाजता. आणि बुकिंगचं बटण दाबायच्या आधी घरात एकदा मोठ्याने विचारा: आपल्यातला गाइड कोण? कोणी हात वर केला नाही, तर अजून थांबा.