इफ्तारचा पाव घरचा

हर्णे बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव रंगात येतो, तेव्हा मोहल्ल्यातल्या घराघरांत कढई तापलेली असते. समोसे, भजी, कटलेट, शिवाय बाजारातून आणलेले पाव. रोजा सगळ्यांचाच, पण मगरिबची अजान झाली तरी घरातली बाई बहुधा शेवटचा घाणा काढत उभी. ही रमजानची शिकवण नव्हे, आपणच लावून घेतलेली सवय.

यंदा दोन-तीन तळणं कमी करून पाव घरी भाजून पाहावा. कोकणाला हे नवं नाही. वर-खाली निखारे ठेवून भाजलेलं तवशाचं धोंडस जुन्या माणसांना आठवत असेल. आता जाड बुडाचं पातेलं, तळाला मिठाचा थर, घट्ट झाकण आणि मंद आच पुरते. मैदा किंवा कणीक, यीस्ट, चिमूटभर साखर, मीठ, कोमट पाणी. जोहरच्या नमाजनंतर मळून ठेवलं की पीठ आपलं आपण फुगतं, तेवढ्यात माणसाला जरा आडवं होता येतं. पहिला पाव खाली करपेल, वर पांढरा राहील. राहू दे.

मळायचं मात्र पुरुषांनी. आखातात नोकरी केलेला कोकणी माणूस तिथल्या खोलीत पाळीनं डाळ रांधतो, खुबूसबरोबर खातो; गावी आला की दस्तरखानावर बसून वाट पाहतो. हात तर तेच आहेत.

खजूर, कलिंगड, ताजा पाव, वाटीभर खिमा. आणि अजानच्या वेळी घरातले सगळे बसलेले. एखादा गरम पाव शेजारच्या हिंदू घरीही जाऊ दे. त्यांनी शिरखुर्म्यासाठी ईदपर्यंत का थांबायचं?