उपज आणि उपजत

हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला ‘उपज’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. रागाची चौकट सांभाळून, तालाचे भान न सोडता गायकाला त्या क्षणी जे सुचते आणि तो जे मांडतो, ती उपज. ‘उपजत’ हा शब्द दिसायला तिचा सख्खा भाऊ, पण अर्थाने फार दूरचा. उपजत म्हणजे जन्मासोबत आलेले, न शिकता मिळालेले. जॅझ या संगीताची आणि त्यावर पोसलेल्या साहित्याची, चित्रकलेची कथा मला बरेचदा या दोन शब्दांच्या घोटाळ्याची कथा वाटते. जी उपज होती, तिला जगाने उपजत म्हटले. आणि एखादी गोष्ट उपजत ठरली, की तिचे मोल चुकते करण्याची जबाबदारी कुणावरच राहत नाही. झऱ्याच्या पाण्याचे बिल कोण भरतो?

जॅझ जन्माला आले ते अमेरिकेच्या दक्षिणेला, न्यू ऑर्लिन्स या बंदराच्या गावी. तिथल्या काँगो स्क्वेअर नावाच्या मैदानात एकोणिसाव्या शतकात रविवारी गुलामांना जमण्याची, नाचण्या-वाजवण्याची मुभा होती. आफ्रिकेतून आलेले ताल, मळ्यातली श्रमगीते, चर्चमधली भजने, लष्करी बँडची पितळी वाद्ये, ब्लूज आणि रॅगटाइम हे सारे त्या गावात एकमेकांच्या कानावर पडत होते. गावात क्रिओल म्हणून ओळखला जाणारा एक मिश्र वंशाचा वर्गही होता. त्यातल्या अनेकांनी युरोपीय पद्धतीने, कागदावरची स्वरलिपी वाचून संगीत शिकले होते. १८९० नंतर वर्णभेदाचे कायदे कडक होत गेले, १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच त्यांच्यावर शिक्कामोर्तब केले आणि हे क्रिओल वादक, कानाने शिकलेल्या कृष्णवर्णीय वादकांच्या रांगेत ढकलले गेले. लिपी जाणणारा हात आणि कानाने घडलेला हात एकाच बँडमध्ये आले. जॅझच्या मुळाशी अशी दुहेरी तालीम आहे. ‘रक्तातच ताल असतो’ असे म्हणून तिची वासलात लावता येत नाही.

तरीही तसेच म्हटले गेले. लुई आर्मस्ट्राँगची गोष्ट घ्या. हा मुलगा बालसुधारगृहात बँडमास्तरच्या हाताखाली कॉर्नेट शिकला, पुढे किंग ऑलिव्हरसारख्या उस्तादाचे बोट धरून शिकागोला गेला आणि १९२५ ते १९२८ या काळातल्या आपल्या ध्वनिमुद्रिकांनी त्याने एकल वादनाचा अर्थच बदलून टाकला. चार्ली पार्करचे तर काय सांगावे! १९३६ साली कॅन्सस सिटीतल्या एका मैफलीत पोरसवदा पार्कर वाजवता वाजवता अडखळला, तेव्हा ड्रमवाल्या जो जोन्सने झांज त्याच्या पायाशी फेकून त्याला उठवले. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात पार्कर लेस्टर यंगच्या ध्वनिमुद्रिका सोबत घेऊन डोंगराळ भागातल्या एका मुक्कामी गेला आणि त्या सुरासुराने घोटून परतला. तीन-चार वर्षे आपण दिवसाला अकरा ते पंधरा तास मेहनत केली, असे त्याने १९५४ सालच्या एका मुलाखतीत सांगितले. आपल्याकडे याला रियाज म्हणतात, आणि रियाज केलेल्या माणसापुढे आपण कानाची पाळी धरतो. तिकडे त्याला निसर्गाचा चमत्कार म्हणण्यात आले.

आयुष्याची तीसेक वर्षे मी बँकेत जमा-नावे पाहण्यात घालवली. त्यामुळे कुठलीही थोर परंपरा समोर आली, की खतावणी उघडून बघण्याची खोड लागली आहे. जॅझची खतावणी बघण्यासारखी आहे. जॅझची पहिली म्हणून ओळखली जाणारी ध्वनिमुद्रिका फेब्रुवारी १९१७ मध्ये न्यूयॉर्कला मुद्रित झाली. ती पाच गोऱ्या वादकांच्या बँडची होती. बेसी स्मिथच्या ब्लूज गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका १९२३ पासून धडाक्याने खपल्या, पण तिच्या हाती पडली ती दर गाण्यामागे ठरलेली एकरकमी बिदागी. खपावर रॉयल्टी तिच्या नावे जमा झाली नाही. कायद्याची घडणही अशी, की कागदावर लिहून नोंदवलेली चाल ही मालमत्ता, आणि त्या चालीवर वादकाने रात्रभर नवे रचले ती मजुरी. ध्वनिमुद्रणाला अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याचे कॉपीराइट संरक्षण मिळाले ते १५ फेब्रुवारी १९७२ पासून. तोवर आर्मस्ट्राँगही गेला होता आणि पार्करही.

मैफलीच्या जागांचा हिशेबही याच जातीचा. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाने डिसेंबर १९२७ मध्ये हार्लेममधल्या कॉटन क्लबमध्ये बस्तान बसवले आणि तिथून रेडिओवरून त्याचे नाव देशभर झाले. व्यासपीठावर सगळे कृष्णवर्णीय, समोरच्या टेबलांवर गोरे. आसपास राहणाऱ्या कृष्णवर्णीयांना गिऱ्हाईक म्हणून दार बंद. न्यूयॉर्कच्या नाइटक्लबात वाजवायला १९४० पासून १९६७ पर्यंत पोलिसांचे कार्ड लागे. बिली हॉलिडेचे कार्ड १९४७ साली गेले, थेलोनियस मंकला १९५१ पासून सहा वर्षे ते मिळाले नाही. ऑगस्ट १९५९ मध्ये ‘काइंड ऑफ ब्लू’ बाजारात आली. पुढे ती जॅझच्या सर्वाधिक खपाच्या मुद्रिकांपैकी एक ठरली. त्याच महिन्यात, ज्या क्लबात आपण वाजवत होतो त्याच क्लबाच्या दारात उभा असलेल्या माइल्स डेव्हिसचे डोके पोलिसाने फोडले.

आता साहित्याकडे वळू. १९२२ साली एफ. स्कॉट फिट्झजेराल्डने आपल्या कथासंग्रहाच्या नावातच ‘जॅझ एज’ हे शब्द घातले आणि सगळ्या दशकाला ते नाव चिकटले. त्या जगात जॅझ म्हणजे मेजवान्या, मद्य, बेफिकिरी. वाद्ये वाजत असतात, वाजवणारे पडद्यामागे. पुढे जॅक केरुअॅकने पार्करच्या सॅक्सोफोनसारखे गद्य लिहिण्याचा ध्यास घेतला. ‘ऑन द रोड’चा खर्डा त्याने एप्रिल १९५१ मध्ये तीन आठवड्यांत, १२० फूट लांबीच्या कागदाच्या गुंडाळीवर टंकलिखित केला, ही दंतकथा प्रसिद्ध आहे. त्याआधी तो वर्षानुवर्षे वह्या भरत होता आणि १९५७ साली पुस्तक निघेपर्यंत मजकुरावर पुष्कळ हात फिरला, ही तिची दुसरी बाजू फारशी कुणी सांगत नाही. उत्स्फूर्ततेच्या मागचा रियाज लपवण्याची हौस लेखकांनाही असतेच! मात्र या कादंबरीत काळ्या वस्तीच्या सुखी, मोकळ्या आयुष्याविषयी जे हळवे उसासे आहेत, त्यांचा जेम्स बाल्डविनने १९६१ सालच्या एका लेखात सडकून समाचार घेतला. ज्यांना त्या वस्तीत राहावे लागते, त्यांना ते उसासे परवडणारे नव्हते.

बाल्डविनने स्वतः जॅझकडून काय घेतले? स्वित्झर्लंडमधल्या एका बर्फाळ गावात बेसी स्मिथच्या ध्वनिमुद्रिका ऐकत त्याने आपली पहिली कादंबरी पुरी केली. आणि १९५७ साली ‘सनीज ब्लूज’ ही कथा लिहिली. तिच्यातला निवेदक गणिताचा शिक्षक आहे. धाकटा भाऊ पियानो वाजवतो, व्यसनात सापडतो, तुरुंग बघून येतो. थोरल्याला धाकट्याचे संगीत कळत नाही, म्हणून माणूसही कळत नाही. शेवटी एका क्लबात तो गप्प बसून ऐकतो. बासवाला सनीला खोल पाण्याकडे नेतो, वाट देतो, थांबतो, सनी अडखळत उत्तर देतो. कथा तिथे संपते. ऐकणे हेच तिथले घटित. जॅझचा वाक्यावर, कथेच्या बांधणीवर झालेला परिणाम पाहायचा तर तो इथे पाहावा.

लँग्स्टन ह्यूजने १९२६ सालच्या ‘द वेअरी ब्लूज’ या संग्रहात ब्लूजची लय कवितेत आणली. राल्फ एलिसन १९३३ साली टस्कीगी संस्थेत गेला तो ट्रंपेट घेऊन, संगीत शिकायला. त्याच्या ‘इनव्हिजिबल मॅन’चा (१९५२) नायक तळघरात बसून आर्मस्ट्राँगची ध्वनिमुद्रिका ऐकत आपली हकीकत सांगू लागतो. टोनी मॉरिसनच्या ‘जॅझ’मध्ये (१९९२) निवेदकाचे आपल्याच पात्रांविषयीचे अंदाज चुकतात आणि कथा त्याच्या हातातून निसटून वेगळ्या वाटेने जाते. एका वादकाने सूर टाकावा आणि दुसऱ्याने तो भलत्याच ठिकाणी न्यावा, तसे. या लेखकांनी जॅझचे वातावरण उसने घेतले नाही, त्याची शिस्त घेतली.

चित्रकलेतही हा फरक दिसतो. मातिसच्या ‘जॅझ’ या १९४७ सालच्या प्रसिद्ध चित्रपुस्तकातली बरीच चित्रे सर्कशीची आहेत. जॅझ हे नाव प्रकाशकाने सुचवले. उलट पीट मोंद्रियान १९४० साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी न्यूयॉर्कला आला, तिथे बूगी-वूगी पियानो ऐकला आणि आयुष्यभर जपलेल्या काळ्या रेषा त्याने ‘ब्रॉडवे बूगी वूगी’मध्ये (१९४२-४३) सोडून दिल्या. रेषांच्या जागी रंगीत चौकोनांचा ठेका आला. हार्लेममध्ये वाढलेल्या रोमेअर बेअर्डनला स्टुअर्ट डेव्हिस या चित्रकाराने अर्ल हाइन्सचा पियानो ऐकायला सांगितले, आणि सुरांपेक्षा सुरांमधल्या रिकाम्या जागा ऐकायला सांगितले. बेअर्डनच्या कोलाजांतली मोकळी जागा तिथून आली. गवयाच्या दोन स्वरांमधली शांतता ज्याला ठाऊक आहे, त्याला हे निराळे सांगायला नको.

हे सारे परक्यांचे झाले, असे मात्र म्हणता येणार नाही. १९३५ साली लिऑन अॅबीचा कृष्णवर्णीय बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, मागोमाग टेडी वेदरफर्डसारखा पियानिस्ट आला, आणि गोव्याच्या चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून आलेल्या वादकांनी त्यांच्याकडून जॅझ आत्मसात केले. अँटोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांना तर लोक मुंबईचे आर्मस्ट्राँग म्हणत. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’तल्या (१९५१) गाण्यांत त्यांचा ट्रंपेट आहे. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस हे संगीतकाराने गुणगुणलेली चाल कागदावर उतरवत, पन्नास वाद्यांत तिची वाटणी करत, अंतऱ्याच्या आधीचे तुकडे सजवत. श्रेयनामावलीत बहुधा ‘सहायक’ किंवा काहीच नाही. प्यारेलाल यांनी आपल्या गुरूची आठवण म्हणून १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात गोन्साल्विसांचे नाव आणले. ते गाणे देशाने डोक्यावर घेतले, आणि हे नाव खऱ्या माणसाचे आहे याचा बहुतेकांना पत्ता नव्हता. २०१२ साली ते गोव्यात वारले. गोव्याच्या या वादकांचे दुःख आणि गुलामीतून आलेल्या माणसांचे दुःख एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पण खतावणीतली चूक त्याच जातीची आहे. गोवेकरांना संगीत उपजतच असते, हे वाक्य आपण किती सहज बोलतो!

मला वाटते, दाद देणे आणि देणे चुकवणे यांत फरक केला पाहिजे. दाद फुकट असते. न्यूयॉर्कने पार्करला दाद पुष्कळ दिली आणि चौतिसाव्या वर्षी, १९५५ साली, तो मेला तेव्हा डॉक्टरला त्याचे वय कितीतरी अधिक वाटले. मेलेल्यांचे पैसे आता परत करता येत नाहीत, पण नाव परत करता येते आणि त्याला खर्चही फारसा नाही. विविध भारतीवर गाणे लागते तेव्हा गायक, गीतकार, संगीतकार सांगितले जातात. ही उद्घोषणा अनेकांना पाठ आहे. जुन्या गाण्यांचे संयोजक कोण होते, याची माहिती अभ्यासकांनी आता बऱ्याच अंशी जमा केली आहे. जिथे ती पक्की आहे, तिथे उद्घोषणेत चौथे नाव घालावे. वृत्तपत्रांनी, कॅसेटची जागा घेतलेल्या मोबाइलवरच्या गाण्यांच्या कंपन्यांनी ते छापावे. एका नावाला लागतात दोन सेकंद. सत्तर वर्षांच्या थकबाकीवर एवढे व्याज जड नाही.