ताट ज्याचे त्याचे

आमच्या एका मित्राला वांगे, भेंडी, कोथिंबीर, काहीच चालत नाही. म्हणून बाहेर जेवायचे ते त्याचा वरणभात मिळेल तिथेच. यात आम्हांस काही गैर वाटत नाही. मित्राची जीभ सांभाळणे हा स्नेहधर्मच आहे. परंतु परवा शेजारच्या ताटातील सुकट पाहून त्याने नाक मुरडले आणि ती मागवणाऱ्या सहकाऱ्याने ओशाळून ताट परत पाठवले. पुण्यातील पंचहौद मिशनमधील १८९० सालच्या चहापानावरून न्यायमूर्ती रानडे यांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले, हे आम्ही वर्गात शिकवतो. त्या टेबलावर मात्र गप्प राहिलो. आपल्या ताटात काय नको, हे मित्राने खुशाल सांगावे. दुसऱ्याच्या ताटाबद्दल त्याने बोलू नये, हे सांगणे आमचे काम होते.