भाडेकरूही गावचाच माणूस

घरमालकाच्या दारात आजही पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. "आडनाव काय? मूळ गाव कोणतं? तुमच्यात खाणंपिणं कसं असतं?" उत्तरं मनासारखी आली तर किल्ली बाहेर येते. नाही आली तर "अहो, खोली कालच गेली" असं सांगून दार लोटलं जातं, आणि 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी दुसऱ्या दिवशीही तिथेच असते. अहिल्यानगरच्या सावेडी-केडगावात, नागापूरच्या एमआयडीसीभोवती, राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या परिसरात, लोणी-शिर्डीत खोली शोधणाऱ्या दलित, मुस्लिम, आदिवासी, भटक्या-विमुक्त तरुणांना विचारा. हे लोटलेलं दार ते ओळखतात. आपण मात्र ते लोटताना काही अन्याय करतोय असं आपल्याला वाटतही नाही. पापाची जाणीवच उरू नये, याहून मोठी अधोगती कोणती?

1917 साली बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू व्हायला गेलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा माणूस ओळख लपवून एका पारशी धर्मशाळेत राहिला. जात कळताच काठ्या घेतलेली माणसं दारात आली आणि त्यांना सामान उचलावं लागलं. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, असे दोन मित्र शहरात होते. त्यांनीही घरात घेतलं नाही. ही हकिकत आपण दर 14 एप्रिलला भाषणात सांगतो आणि घरी परतल्यावर खोली मागायला आलेल्याला आडनाव विचारतो. काठ्या गेल्या, त्यांच्या जागी गोड बोलणं आलं. बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या पदरात पडतं ते मात्र तेच.

बाईच्या बाबतीत तर आपण आपल्या शहराचा इतिहासच विसरलो. याच नगरमध्ये अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार मुलींच्या शाळा चालवत होत्या. त्यांचं काम पाहून जोतीराव फुल्यांना बळ मिळालं आणि 1848 मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्याचे धडे घेतले, त्यात नगरच्या या संस्थेचा वाटा होता. आज त्याच शहरात परिचारिका, शिक्षिका किंवा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी एकटी आली की "फक्त फॅमिलीला देतो" हे उत्तर तयार असतं. ती घटस्फोटित किंवा विधवा असेल तर घरमालकाच्या नजरेत संशय आधी येतो. मुलींनी शिकावं म्हणायचं आणि शिकायला आलेल्या मुलीला छप्पर नाकारायचं, हे कुठलं पुरोगामित्व?

आपलीच पोरं पुण्यात कोथरूडला, हडपसरला, हिंजवडीला खोल्या शोधत फिरतात. तिथल्या मालकाने त्यांना आडनावावरून परत पाठवलं की आपला जीव तुटतो. मग आपल्या दारातून परतणाऱ्या पोराचे आईबाप पाथर्डीत, अकोल्यात किंवा जामखेडला बसून काय सोसत असतील, हे आपल्याला का उमगू नये?

दुसरा अन्याय पैशाचा. निवृत्तीच्या पैशातून किंवा शेतीचा तुकडा विकून वरचा मजला बांधलेल्या छोट्या घरमालकाला म्हातारपणाची काठी हवी असते, आणि ती इच्छा चुकीची नाही. पण भाड्याने राहणारा माणूस आपल्या उपकारावर जगत नाही. तो मोबदला देतो. तरीही आपण डिपॉझिट रोख घेतो, पावती देत नाही. विजेचं सबमीटर लावून महावितरणच्या दरापेक्षा चढा दर वसूल करतो. खोली सोडताना रंगाच्या, नळाच्या नावाखाली डिपॉझिट कापतो. वाद झाला की पाणी बंद, वीज बंद. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 29 मालकाला अशा आवश्यक सेवा तोडू देत नाही. 2000 सालापासून हा कायदा लागू आहे, तरी पाण्याचा कॉक फिरवणारा हात थांबलेला नाही.

कागदाच्या बाबतीतही आपण स्वतःलाच फसवतो. स्टॅम्पपेपरवर अकरा महिन्यांचा करार करून नोटरीचा शिक्का मारला की काम झालं, असा सार्वत्रिक समज आहे. तो चूक आहे. या कायद्याच्या कलम 55 नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. लिव्ह अँड लायसन्सच्या कराराला मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या 0.25 टक्के इतकंच आहे, आणि नोंदणी ऑनलाइनही होते. तेवढा खर्च वाचवण्यासाठी आपण कायदा मोडतो आणि भाडेकरू घर बळकावेल म्हणून रात्र रात्र जागतो. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपली तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाईही मिळू शकते. ज्याच्याकडे नोंदणीकृत कागद आहे त्याला धाकदपटशाची गरज पडत नाही.

म्हणून ज्याला घर भाड्याने देऊन दोन पैसे मिळवायचे आहेत, त्याने आधी नीट वागायला शिकावं. करार नोंदवा आणि त्याची प्रत भाडेकरूच्या हातात द्या. भाडं बँकेत घ्या, प्रत्येक रकमेची पावती द्या. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्याने राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकंच डिपॉझिट सुचवलं आहे, तेवढ्यावर थांबा. पंखे, नळ, दारं, भिंती यांचे फोटो पहिल्याच दिवशी दोघांनी मिळून काढा, म्हणजे शेवटच्या दिवशी भांडण होणार नाही. वीज बिलाच्या दरानेच घ्या. न सांगता खोलीत शिरू नका. उत्पन्न लपवू नका. आयकरात घरभाड्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, मग चोरी कशासाठी? चौकशी जरूर करा, पण ती कामाची, ओळखपत्राची आणि भाडं भरण्याच्या ऐपतीची. जातीची नव्हे, ताटातल्या घासाची नव्हे, कपाळावरच्या कुंकवाची नव्हे.

गृहनिर्माण सोसायट्यांनी "अमक्यांना घर देऊ नका" असा तोंडी दबाव आणणं बंद करावं, एजंटांनी आडनावाची चाळणी लावणं सोडावं. शहराला अहिल्यादेवींचं नाव देऊन झालं. घाट, विहिरी, धर्मशाळा बांधून परक्या वाटसरूची सोय पाहणाऱ्या त्या बाईंचं नाव मिरवायचं, तर खोली मागायला आलेल्या माणसाला जात न विचारता किल्ली देण्याची हिंमत आधी दाखवा.