साथीचा रोग आणि लोकांचे मन

साथीचा रोग शरीराला होतो. म्हणून त्याचा विचार केवळ डॉक्टरांनी करावा, असे पुष्कळांस वाटते. मला हे मत अपुरे वाटते. भयभीत झालेला समाज कसा वागतो, यावरही साथीचा जोर अवलंबून असतो.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढील वर्षी तो पुण्यात फैलावला. रोगी शोधून त्यांना वेगळे ठेवावे, हा विचार चुकीचा नव्हता. परंतु त्या कामी गोरे सोजीर नेमले गेले. ते घरांत शिरत, माजघर-देवघराची तमा बाळगीत नसत. परिणाम असा झाला, की लोक रोगी लपवू लागले. रोगापेक्षा उपायाचेच भय अधिक झाले. अखेर २२ जून १८९७ रोजी प्लेग-अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. त्याच काळात सावित्रीबाई फुले रोग्यांना आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात नेत होत्या. ही सेवा करतानाच त्यांना प्लेग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोगी तोच, पण एक हात धाकाचा होता, दुसरा मायेचा.

२०२० साली कोरोनाची साथ मुंबईतील धारावीत पोहोचली. लहानशा खोलीत सारे कुटुंब राहते, तेथे 'अंतर राखा' असे नुसते सांगून काय उपयोग? हे ओळखून शाळांतून विलगीकरणाची सोय केली गेली. वस्तीतील ओळखीचे डॉक्टर घरोघर तपासणीस गेले. साथ आटोक्यात आली आणि जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धारावीचा गौरवाने उल्लेख केला.

लोकांना कशाची भीती वाटते, ते कोणावर विश्वास ठेवतात, काम थांबल्यास त्यांची चूल कशी पेटते, हे विचारून पद्धतशीर नोंदविणे हे समाजशास्त्राचे कार्य होय. कोणी म्हणेल, "संकट दारात असताना विचारीत बसण्यास वेळ कोठे आहे?" मी म्हणेन, लपविलेला एक रोगी शोधण्यास त्याहून अधिक वेळ लागतो. लोकांना विचारणे म्हणजे त्यांच्या प्रत्येक समजुतीपुढे मान तुकविणे नव्हे. चुकीची समजूत दूर करावयाची, तरी ती आधी कळावी लागते.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या डॉक्टर होईल, कोणी अधिकारी होईल. रोग्याची नाडी अवश्य पाहा. परंतु त्याच्या घरात पाऊल टाकण्यापूर्वी त्याचे म्हणणेही ऐकून घ्या.