आजीचा ‘च’ कुठे गेला?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आजी अजून अंगठा उठवते. पण १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जात असे, ती हकीकत सांगू लागली की ऐकणारा जागचा हलत नाही. दिवाळीच्या सुट्टीत ती मी मोबाईलवर उतरवून घेतली. ‘नुसते बोलणेच तर आहे, गाणे थोडेच आहे!’ असे एका मित्राने सांगितले, म्हणून फाईल लहान करताना मी सर्वांत खालची सेटिंग निवडली : सेकंदाला ८,००० नमुने, १६ किलोबिट. फोनमध्ये जागा नव्हती, तेव्हा मूळ फाईलही पुसली.

वसतिगृहात आल्यावर ऐकले. आजी म्हणते, ‘चार भारे चारा’. ‘चार’मधला च वेगळा, ‘चारा’तला वेगळा, हे आपण व्याकरणाच्या तासाला शिकतो. लिपीत मात्र दोघांना एकच अक्षर. म्हणजे हा भेद जगतो तो केवळ आवाजात. आणि माझ्या फाईलमध्ये दोन्ही च जवळजवळ सारखेच! सेकंदाला ८,००० नमुने घेतले की ४,००० हर्ट्झच्या वरचे काहीच उरत नाही, आणि च, स यांच्या घर्षणाचा बराचसा भाग नेमका तिथेच असतो.

बोलण्याला कमी जागा पुरते, हे खोटे नाही. पण काटकसर कुठे करायची? तोंड एकच, मग स्टिरिओ कशाला? मोनो ठेवावे. ४४,१०० नमुन्यांचे, १६ बिटांचे तासभराचे न दाबलेले मोनो मुद्रण सुमारे ३१८ मेगाबाइट होते. तेच ६४ किलोबिटच्या एमपी३ मध्ये सुमारे २९ मेगाबाइट, आणि दोन्ही च शाबूत. ऑपस पद्धतीत ३२ किलोबिटही पुरतात. मात्र ही पाठवायची प्रत. मूळ फाईल वेगळी जपायची. लहान केलेली फाईल पुन्हा मोठी केली तर फक्त आकार वाढतो, गेलेला आवाज परत येत नाही.

बोलीच्या प्रकल्पासाठी आपण सगळेच आपापल्या गावची बोलणी मुद्रित करून फोनवरून पाठवतो. त्यांच्या मूळ फाईली ग्रंथालयाच्या संगणकावर ठेवण्याची सोय व्हावी, असे मला वाटते. फार खर्चाचे काम नाही ते.

संक्रांतीला मी पुन्हा आजीपुढे फोन धरला. तिने सगळे सांगितले, पण खडीचा प्रसंग गाळला. विचारले तर म्हणाली, ‘सांगितलं न्हवं तुला येकदा?’